फेल्प्सची २३ सुवर्णपदकं आणि लोपेसची ५

ऑलिंपिक आलं की व्हॉट्सअॅपवर हा मेसेज हमखास फिरतो: 'एकट्या मायकेल फेल्प्सची २३ सुवर्णपदकं, अख्ख्या भारताची १०. रडगाणी नकोत, दम असेल त्याने तेवढी जिंकून दाखवावीत. जगातला सर्वांत थोर ऑलिंपिकवीर तोच.' फेल्प्स हा अमेरिकेचा जलतरणपटू. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

भारताच्या १० पैकी ८ सुवर्णपदकं हॉकीतली. १९५२ला हेलसिंकीच्या फायनलमध्ये बलबीरसिंग सीनियर यांनी नेदरलँड्सवर एकट्याने ५ गोल चढवले. पदक मिळालं एकच, कारण हॉकीपटूला एका ऑलिंपिकमध्ये दुसरं मिळायची सोयच नाही. उलट २०२४ला पॅरिसच्या तलावात पोहण्याची ३५ सुवर्णपदकं होती.

'दम असेल त्याने जिंकून दाखवावीत' म्हणे! मल्लाने ती आणायची कुठून? तो उतरणार एका वजनी गटात. क्युबाचा मिहाईन लोपेस ग्रीको-रोमन कुस्तीच्या सर्वांत वजनदार गटात सहा ऑलिंपिक लढला. २००४ला पाचवा आला. २००८ ते २०२४ सलग पाच वेळा सुवर्ण. पॅरिसच्या फायनलला वय ४१, समोर मूळचा क्युबाचाच, आता चिलीकडून लढणारा यास्मानी अकोस्ता. लोपेसने कुस्ती ६-० अशी मारली, मॅटच्या मधोमध बूट काढून ठेवले आणि निवृत्ती घेतली. एकाच वैयक्तिक प्रकारात सलग पाच सुवर्णपदकं त्याआधी कुठल्याही खेळात कोणालाच जमली नव्हती. फेल्प्सलाही नाही.

शिवाय फेल्प्सच्या २३ पैकी १० रिलेची, म्हणजे चौघांनी मिळून पोहण्याच्या शर्यतींची. २००४च्या मेडले रिलेत (यात चौघं चार वेगवेगळ्या स्ट्रोकने, म्हणजे पद्धतींनी पोहतात) तो फक्त प्राथमिक फेरीत पोहला, फायनलला इयान क्रॉकर उतरला. नियमाप्रमाणे सुवर्ण फेल्प्सलाही मिळालं. २००८च्या ४ बाय १०० मीटर फ्रीस्टाइल रिलेत शेवटच्या टप्प्यात मागे असलेल्या जेसन लेझॅकने फ्रान्सच्या आलँ बर्नारला गाठलं आणि अमेरिका ०.०८ सेकंदाने जिंकली. ते सुवर्ण हुकलं असतं, तर २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधली त्याची आठ सुवर्णपदकं झालीच नसती.

यात फेल्प्सला कमी लेखायचं नाही. २०० मीटर वैयक्तिक मेडलेत चारही स्ट्रोक पोहावे लागतात. त्यात त्याने २००४ ते २०१६ सलग चार सुवर्णपदकं घेतली. त्याची खरी थोरवी मला तिथे दिसते, आणि नेमकी तीच या मेसेजमध्ये नाही.

वेगवेगळ्या खेळांतल्या विजेत्यांची तुलना करायचीच, तर खेळाने संधी किती दिल्या आणि त्यांतल्या किती संधींचं सोनं केलं, हे बघा. या हिशेबात मी लोपेसला फेल्प्सच्या वर ठेवतो.