मामा, माझ्या शहरात लोकच येत नाहीत

दिवाळीच्या सुट्टीत एकदा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. नववीत आहे. आवाज रडवेला. "मामा, माझ्या शहरात लोकच येत नाहीत. सगळं करून बघितलं."

शहर म्हणजे 'सिटीज: स्कायलाइन्स' या शहर वसवण्याच्या कॉम्प्युटर गेममधलं. फिनलंडमधल्या टाम्पेरेच्या कोलॉसल ऑर्डर या छोट्या कंपनीने मार्च २०१५ मध्ये हा गेम आणला आणि मी जवळजवळ तेव्हापासून खेळतोय. भाच्याला नाद मीच लावला, त्यामुळे हा फोन मला येणं बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेलो आणि आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो.

त्याने नदीपलीकडे नवा भाग वसवायला घेतला होता. मधोमध सहापदरी रस्ता, कडेने झाडं, टोकाला मोठी बाग. रस्त्यालगतच्या सगळ्या चौकटी गडद हिरव्या, म्हणजे दाट निवासी झोन, दाटीच्या घरांसाठी राखलेली जमीन. दिसायला देखणं काम. पण इमारती उभ्या होत्या जेमतेम दहा-बारा, आणि त्यातल्या निम्म्या काळवंडलेल्या, लोक सोडून गेलेल्या. "एवढी भारी बाग दिली, तरी येत नाहीत," तो म्हणाला.

मी विचारलं, "इथे राहायला येणारा माणूस कामाला कुठे जाणार?"

तो गप्प.

हा गेम खेळणाऱ्यांना स्क्रीनच्या तळाशी असलेल्या तीन पट्ट्या पाठ असतात. हिरवी घरांची मागणी दाखवते, निळी दुकानांची आणि पिवळी कारखान्या-ऑफिसांची. ही तिहेरी मांडणी १९८९ च्या 'सिमसिटी' या गेमपासून चालत आली आहे. त्याचा निर्माता विल राइट त्याआधी बॉम्बहल्ल्याचा एक गेम बनवत होता आणि बेटं उडवण्यापेक्षा त्या बेटांवर रस्ते-इमारती मांडण्यातच त्याला जास्त मजा येऊ लागली, तिथून हे सगळं सुरू झालं. भाच्याच्या शहरात पिवळी पट्टी काठोकाठ भरलेली होती आणि हिरवी तळाला टेकलेली. म्हणजे हाताला काम नसलेली माणसं शहरात आधीच होती आणि हा त्यांच्यापुढे आणखी फ्लॅट मांडत होता.

मग नदी बघितली. पाण्याचा नकाशा उघडला की प्रवाहाची दिशा बाणांनी दिसते. सांडपाण्याचं तोंड वर आणि पाणी उपसणारा पंप खाली, दोनशे पावलांवर. तपकिरी पाण्याचा लांब पट्टा वाहत वाहत थेट पंपापर्यंत आलेला. तेच पाणी नळाला. आलेली माणसं आजारी पडली आणि निघून गेली. बागेत फिरायला कोण उरणार?

मला आज जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. या गेमबद्दल नेटवर मिळणारे बहुतेक सल्ले 'लोकसंख्या झटपट कशी वाढवायची' याचे असतात. अमुक बाग टाका, तमुक पॉलिसी लावा, मोकळी दिसेल तेवढी जमीन हिरवी करा. मला ही सगळी दिशाच चुकीची वाटते. बागेने जमिनीची किंमत वाढते हे खरं. शाळा, दवाखाना, अग्निशमन जवळ असले की घरं पहिल्या लेव्हलपासून पाचव्या लेव्हलपर्यंत चढतात हेही खरं. पण हे सगळं आलेल्या माणसाला टिकवण्यासाठी असतं. तो मुळात येतो तो काम, पाणी, वीज आणि घरापर्यंत पोहोचवणारा रस्ता बघून. आपण मात्र आधी सजावट करतो आणि मग तो का येत नाही म्हणून हिरमुसतो.

आवाजाचंही तसंच. भाच्याला वाटलं रस्ता जितका रुंद तितका भाग श्रीमंत. या गेममध्ये रुंद रस्त्याला आवाज असतो, दुकानांना असतो, पवनचक्कीलाही असतो, आणि सततच्या आवाजाने माणसं आजारी पडतात. मोठ्या रस्त्याला लागून ऑफिसं ठेवावीत, त्यांचा ना धूर ना गोंगाट, आणि त्यांच्यामागे घरं. गल्ल्यांची बंद टोकं पायवाटेने जोडावीत. इथली माणसं चालायला अजिबात कंटाळत नाहीत. एक साधी पायवाट दिली तर कितीतरी गाड्या रस्त्यावरून आपोआप कमी होतात. मला या गेममधली सगळ्यात आवडती वस्तू कोणती विचाराल तर ही पायवाट.

लोकसंख्येच्या आकड्यामागे धावलं की काय होतं त्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे मॅग्नासांती. फिलिपिन्समधल्या व्हिन्सेंट ओकास्ला या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याने 'सिमसिटी ३०००' मध्ये वर्षानुवर्षं गणितं मांडून हे शहर बांधलं आणि २०१० मध्ये ते जगभर गाजलं. नकाशावर साठ लाख माणसं ठासून बसवलेली. आणि त्या शहरात पन्नाशीपुढे फारसं कोणी जगत नव्हतं. त्याला हेच दाखवायचं होतं. तरीही ते चित्र बघून आपणही असं करू म्हणणारे मला भेटले आहेत आणि दर वेळी वाईट वाटलं आहे.

या गेमने मला खऱ्या अर्थाने हलवलं ते २०१६ मध्ये. सोळा-सतरा हजार वस्तीचं माझं एक लाडकं शहर होतं. पैसे साठले म्हणून मी एका बैठकीत डोंगरापर्यंतची सगळी जमीन हिरवी करून टाकली. कामं होती, पाणी होतं, लोक लोंढ्याने आले. आठवडाभर खूश होतो. मग एका संध्याकाळी त्या भागातल्या छपरांवर मयताची चिन्हं यायला लागली. आधी दोन, मग वीस, मग अख्ख्या गल्ल्या. शववाहिका रस्त्यावर एकामागे एक अडकलेल्या. त्यांच्यामागे कचऱ्याच्या गाड्या. घरं ओस पडली, दुकानांना माणूस मिळेना, ती बंद पडली.

खेळणारे याला 'डेथ वेव्ह' म्हणतात. कारण सरळ आहे. नव्या भागात राहायला येणारे बहुतेक सगळे तरुण असतात. एकाच वेळी आले म्हणजे एकाच वेळी म्हातारे होतात आणि एकाच वेळी जातात. रिकाम्या घरांत पुन्हा एका दमात तरुण येतात, आणि काही वर्षांनी तीच लाट परत. स्मशानं वाढवून प्रश्न सुटत नाही, मी वाढवून बघितली. उपाय एकच, सावकाश वसवणं. तीन गल्ल्या रंगवा, त्या भरू द्या, तिथे पोरं शाळेत जाऊ लागू द्या, मग पुढच्या तीन.

त्या संध्याकाळी मी एका घरावर क्लिक केलं. या गेममध्ये प्रत्येक माणसाला नाव असतं, वय असतं, शिक्षण असतं, तो कुठे राहतो आणि कुठे काम करतो हे बघता येतं. त्या घरात एकच ज्येष्ठ नागरिक उरली होती. शेजारच्या घरात एक. त्यापलीकडच्या घरात कोणी नाही. आणि मला एकदम कोथरूडची आमची सोसायटी दिसली.

आई-बाबा तिथे १९८६ मध्ये राहायला गेले. सोळा बिऱ्हाडं, सगळी एकाच वर्षी आलेली. कोणी बँकेत, कोणी शाळेत शिक्षक, कोणी टेलिफोन खात्यात, आणि सगळे तिशी-पस्तिशीचे. आम्ही पोरं एवढी होतो की पार्किंगमध्ये क्रिकेटच्या दोन टीम होऊन वर अंपायर उरायचा. आज सोळापैकी अकरा दारांमागे फक्त म्हातारी माणसं आहेत. मुलं बंगळुरूला, न्यू जर्सीला, माझ्यासारखी ठाण्याला. गेल्या तीन वर्षांत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' जितक्या वेळा आलं तितक्या वेळा 'अभिनंदन' आलं नाही. आई परवा म्हणाली, "अरे, जिन्यात पोराचा आवाज ऐकून किती दिवस झाले." कोणाचंच काही चुकलेलं नव्हतं. सगळे एकदम आले होते, एवढंच.

काम आणि वाहतूक पोहोचेपर्यंत माणूस येत नाही, हे तर आपण नवी मुंबईत डोळ्यांनी पाहिलं आहे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये आला, प्लॉट पडले, सेक्टर आखले. माझी मावशी ऐंशीच्या दशकात वाशीला राहायला गेली तेव्हा नातेवाईक हळहळले होते, एवढ्या लांब कोण जाणार म्हणून. मानखुर्दवरून लोकल वाशीला पोहोचली १९९२ मध्ये. त्यानंतर हळहळणाऱ्यांपैकी दोघांनी तिथेच घरं घेतली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये 'सिटीज: स्कायलाइन्स २' आला. सुरुवातीला तो फार अडखळत चालायचा, लोक वैतागले, आणि त्यांचं वैतागणं योग्य होतं. पण त्यात एक गोष्ट मला मनापासून पटली. तिथे सगळे रहिवासी एका साच्यातले नाहीत. मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला ऐसपैस घर हवं असतं, विद्यार्थ्याला आणि म्हाताऱ्या माणसाला छोटा फ्लॅट चालतो. एकाच प्रकारची घरं बांधली तर एकाच प्रकारची माणसं येतात, हे तो गेम तुमच्या लक्षात आणून देतो. भाडं परवडत नाही अशा तक्रारींची चिन्हं घराघरांवर इतकी झळकू लागली की जून २०२४ मध्ये कंपनीने गेममधला आभासी घरमालकच काढून टाकला आणि इमारतीच्या देखभालीचा खर्च भाडेकरूंमध्ये सारखा वाटून दिला. हे वाचलं त्या दिवशी ऑफिसात मी दोन जणांना धरून सांगितलं. त्यांना फारसा रस नव्हता. मला मात्र भाडं भरून महिना काढणारे कितीतरी लोक आठवले.

तर भाचा. त्या दिवशी आम्ही आधी पंप नदीच्या वरच्या अंगाला नेला. सहापदरी रस्ता तसाच ठेवला, कारण तो त्याला फार आवडत होता. त्याच्या दोन्ही बाजूंना ऑफिसं दिली. मागे दोन गल्ल्यांत कमी दाटीची घरं, एका गल्लीत दाट, मध्ये प्राथमिक शाळा, आणि शाळेपासून बागेपर्यंत पायवाट. उरलेला सगळा हिरवा रंग पुसून टाकला. पुसताना त्याला फार जड गेलं. "एवढी जागा रिकामी ठेवायची?" तीनदा विचारलं. मी म्हटलं, "ठेव. पळून जात नाही ती."

पहिली इमारत उभी राहायला काही मिनिटं गेली. मग एक चारचाकी महामार्गावरून वळली, पूल ओलांडला आणि दुसऱ्या गल्लीतल्या घरासमोर थांबली. त्याने लगेच क्लिक केलं. नवराबायको, दोघंही तरुण, आणि एक मूल. आम्ही त्या मुलाच्या मागे मागे गेलो, शाळेपर्यंत. पायवाटेनेच गेलं.

निघताना माझी बहीण चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, आईच्या सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने गेलाय, दोन लहान पोरं आहेत. भाच्याने लॅपटॉपवरून मान वर केली आणि विचारलं, "कोणत्या वयाची?"