हात लागला, पण फाउल झाला का?

सर, प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या) वेळी रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडण्यासाठी, उभ्या असलेल्या खेळाडूंमधला किरकोळ स्पर्श पंचाने सोडून द्यावा असं लिहून मी दांडगाईला मोकळं रान दिलं. तुमच्या खेळाडूच्या छातीवर बचावपटूचा हात होता, तरी शिट्टी वाजली नाही. आणि नियम म्हणजे नियम.

मग नियमच बघू. फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) नियमावली सांगते की प्रतिस्पर्ध्याला हात लागला म्हणून आपोआप फाउल होत नाही. त्या स्पर्शाने कोणी गैरफायदा घेतला का, समोरच्याची हालचाल अडली का, हे पंचाने ठरवायचं. तेव्हा सोडून देणं ही पंचाची मेहेरबानी नव्हे, कामच आहे त्याचं.

तुम्हीच लिहिलंय की हे दोनपैकी पहिल्या फ्री थ्रोला घडलं. तो हुकला तरी चेंडू डेड, म्हणजे खेळ तिथेच थांबतो! रिबाउंडच नाही, तर त्या हाताने अडवलं काय? मी असतो तर दुसऱ्या थ्रोचा चेंडू देण्याआधी "हात काढ" एवढंच म्हणालो असतो. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. (नाही भागलं, तर पुढच्या शिट्टीवर कोणी हुज्जत घालत नाही.)

शेवटच्या थ्रोला मात्र हिशेब बदलतो. बेसलाइनकडच्या (बास्केटमागच्या सीमारेषेकडच्या) पहिल्या जागेत बचावपटू, शेजारी तुमचा खेळाडू. चेंडू थ्रो घेणाऱ्याच्या हातून सुटेपर्यंत दोघांनाही जागा सोडता येत नाही. सुटला की बचावपटू एक पाय तुमच्या खेळाडूपुढे टाकतो, पाठ लावतो, कोपरं वाकवून हात अंगासरशी ठेवतो. इथवर सगळं रास्त. पण तेवढ्यात त्याने मागचा हात तुमच्या खेळाडूच्या दंडाभोवती अडकवला आणि तुमच्या खेळाडूला उडीच घेता आली नाही, तर तो फाउल. चेंडू थेट बास्केटमध्ये गेला तर असा स्पर्श मीही अनेकदा सोडेन; रिंगवर आदळून बाहेर आला तर नाही. हे दिसायचं तर चेंडूवरची नजर काढावी लागते. बेसलाइनवरचा पंच समोरच्या बाजूची रांग बघतो ते याचसाठी: दोन अंगांमधली फट तिथूनच दिसते. नवे पंच चेंडू बघत बसतात आणि मग नुसता धडपडलेला खेळाडू पाहून अंदाजाने शिट्टी मारतात. तुमचा राग खरं तर तिथे निघायला हवा.

शिवाय ही शिट्टी दोन्ही बाजूंना लागते. तुमच्याच खेळाडूने चेंडू सुटल्यावर बचावपटूला पाठीत ढकललं, तर? चेंडू हातातून सुटताच तुमच्या संघाचा ताबा संपलेला असतो. त्यामुळे त्या क्वार्टरमध्ये तुमचे चार टीम फाउल (संघाच्या नावावर मोजले जाणारे फाउल) आधीच झाले असतील, तर समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. प्रत्येक स्पर्शाला शिट्टी मागताना हेही धरा.

राहिला तुम्ही काढलेला, बचावपटूने हात हलवून थ्रो घेणाऱ्याचं लक्ष विचलित करण्याचा मुद्दा. तिथे स्पर्शाचा संबंधच नाही, ते व्हायोलेशन, म्हणजे फाउल नसलेला नियमभंग. थ्रो हुकला तर बदली थ्रो मिळतो, गेला तर गुण धरतात आणि व्हायोलेशनकडे दुर्लक्ष करतात. तुमच्या सामन्यात तो थ्रो आत गेला होता, म्हणून पंच गप्प राहिला आणि बरोबरच राहिला.