मशिन थांबवलं म्हणून माणूस लाल

आज सकाळच्या मीटिंगला डोकं फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही. भिंतीवर मोठा टीव्ही लावलाय, त्यावर मशिनचं काम दाखवणारा नवीन डॅशबोर्ड, आणि चार नंबर मशिनपुढं लाल पट्टी. कुणाची तर मामांची. कुपवाड एमआयडीसीत ३१ वर्षं लेथवर काढलेला माणूस, आणि सगळ्या पोरांच्या देखत लाल.

झालं काय, मंगळवारी सेकंड शिफ्टला बोरिंग, म्हणजे जॉबमधलं (पार्टमधलं) भोक मापाला मोठं करायचं काम, चालू असताना मामांना आवाज वेगळा वाटला. मशिन थांबवलं, इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं पातं, काढून बघितला तर कोपरा उडालेला. मग भोक मोजायचं बोअर गेज लावून मागचे जॉब उलटे तपासत गेले, ११ बाजूला काढले, इन्सर्ट बदलला, मशिनला टूलच्या मापाची दुरुस्ती (ऑफसेट) दिली, पहिला जॉब ओके करून परत चालू. ४० मिनिटं गेली. आता अ‍ॅपमध्ये मशिन का थांबलं ते निवडायला चारच कारणं आहेत, लाईट नाही, मटेरियल नाही, ब्रेकडाऊन आणि ऑपरेटर. आवाज बदलला म्हणून बघितलं, असं कारणच नाही त्यात! मग ती ४० मिनिटं पडली ऑपरेटरच्या नावावर. ४५० मिनिटांत ३ मिनिटांचे १५० जॉब बसतात, मामांचे चांगले ११५ निघाले, ओईई, म्हणजे मशिननं जेवढं काढायला पाहिजे त्यातलं चांगलं किती निघालं त्याची टक्केवारी, ७६.७. टार्गेट ८५.

आणि सहा नंबर हिरवा. त्या पोरानं मशिन कुठंच थांबवलं नाही, १३२ जॉब काढले, रिजेक्शन शून्य लिहिलं, ८८ टक्के, टाळ्या. गुरुवारी फायनल इन्स्पेक्शनला त्यातले ३४ बोअर मोठे निघाले. ते रिजेक्शन कुठं गेलं? इन्स्पेक्शनच्या खात्यात. सहा नंबर अजून हिरवाच आहे. पोराला मी बोलणार नाही, त्याला हिरवं व्हायला सांगितलं, तो झाला.

मीटिंग संपल्यावर मामा माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "सायेब, चुकलं का माझं?" मला उत्तर सुचलं नाही. त्याचाच राग जास्त आहे.

ओईई वाईट आहे असं मी म्हणतच नाही. जपानमध्ये सेइची नाकाजिमांनी टीपीएमबरोबर, म्हणजे सगळ्यांनी मिळून मशिन सांभाळायच्या पद्धतीबरोबर, ते मांडलं ते मशिनचा वेळ कुठं गळतोय ते ऑपरेटर आणि मेंटेनन्सवाल्यांनी मिळून शोधावं म्हणून. अव्हेलेबिलिटी गुणिले परफॉर्मन्स गुणिले क्वालिटी, म्हणजे मशिन किती वेळ चाललं, किती वेगानं चाललं आणि माल किती चांगला निघाला. आमच्याकडं तेच मशिनचं माप उचललं आणि थेट माणसाच्या इन्क्रिमेंटला चिकटवलं. ८५ चा आकडा ज्याच्या त्याच्या तोंडात, पण तो ९०, ९५ आणि ९९.९ च्या गुणाकारातनं येतो, म्हणजे त्यात क्वालिटी जवळजवळ शंभर धरलीय, हे कुणी बोलत नाही. क्वालिटी ९९.९ पाहिजे असेल तर आवाज बदलल्यावर मशिन थांबवणारा माणूस पाहिजे की नको?

दर दोन-तीन वर्षांनी हेच चाललंय. आधी केआरए आले, म्हणजे ज्यावर मार्क मिळतात ती ठरवून दिलेली कामं, मग बॅलन्स्ड स्कोअरकार्डचं ट्रेनिंग, पुण्याहून माणूस आलेला, दोन दिवस. त्यात चार बाजू असतात, पैसा, ग्राहक, आतलं काम आणि शिकणं. आम्हाला फॉर्म मिळाला त्यात पैशाच्या रकान्याला ७० मार्क आणि शिकण्याला ५! मग बेल कर्व, म्हणजे थोडे वर, बरेच मध्ये आणि थोडे तळाला अशी माणसं बसवायचीच. मायक्रोसॉफ्टनं तो २०१३ ला सोडून दिला, आमच्याकडं २०१६ ला वाजतगाजत आला. आमच्या टूल रूमला माणसं सहा. सहा माणसांचा कसला कर्व काढता? कुणीतरी एक तळाला पाहिजेच म्हणून दरवर्षी एका चांगल्या कारागिराला 'सुधारणा आवश्यक' लिहायचं, आणि सही माझी. २०१९ च्या पुरात ज्यांची घरं पाण्यात होती त्यांचे हजेरीचे मार्क कापले, तेव्हाही सही माझीच घेतली. ते मी विसरलेलो नाही.

माप कसं असावं ते सांगलीकराला शिकवायला लागत नाही. आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी बघा. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. आकडा आला की म्हातारीला पण कळतं सामान माडीवर चढवायचं की गाव सोडायचं. आकडा वाढला म्हणून कुणी नदीवर चिडत नाही, पट्टी बघणाऱ्याचा पगार कापत नाही. आमच्या डॅशबोर्डवर लाल दिसलं की पहिला प्रश्न, नाव काय ऑपरेटरचं?

मी विचारलं मीटिंगमध्ये, पाचवं कारण टाका, 'टूल तपासणी'. तर म्हणे सिस्टीम सगळ्या प्लांटला एकच आहे, बदल वरून येतात, तुम्ही रिमार्कमध्ये लिहा. रिमार्क डॅशबोर्डवर दिसत नाही! सिस्टीम आणायच्या आधी एक दिवस, फक्त एक दिवस, मामांच्या शेजारी उभं राहून बघितलं असतं तर हे पाचवं कारण पहिलं लिहिलं असतं.

हे लिहितोय तेवढ्यात सव्वानऊला मामांचा फोन आला. मागं मशिनचा आवाज. "सायेब, परत तसाच आवाज यायलाय. थांबवू का चालू ठेवू?" ३१ वर्षांत ह्या माणसानं मशिन थांबवायला कुणाला विचारलं नव्हतं. म्हणलं थांबवा मामा, आणि कारणात माझं नाव लिहा.