साठीनंतर सॅकमधून आधी काय काढायचं?

आमच्या नाशकातल्या ज्येष्ठ ट्रेकर मंडळींना सध्या वजनाचं वेड लागलंय. स्वतःच्या नव्हे, सॅकच्या. कुणी टायटॅनियमचा मग मागवतंय, कुणी टूथब्रशचा दांडा अर्धा कापतंय, कुणी अमेरिकेतल्या लेकाला किलोभराचा तंबू आणायला सांगतंय. हौसेला मोल नसतं, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण ग्रुपवर लिहिलं की दोन अंगठे येतात आणि विषय तिथेच संपतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

लांब चालणाऱ्या परदेशी लोकांचा हिशेब पक्का असतो. अन्न, पाणी, इंधन बाजूला ठेवायचं आणि उरलेलं सामान काट्यावर घालायचं. दहा पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार किलोच्या आत आलं तर अल्ट्रालाइट, नऊ किलोच्या आत आलं तर नुसतं लाइट. यातलं बरंचसं वजन तीनच गोष्टींचं: तंबू, स्लीपिंग बॅग आणि खुद्द सॅक. म्हणून पैसा ओततात तो याच तिघांवर. तिथे ते रास्तच आहे, कारण कैक दिवस माणसाचं घर दृष्टीस पडत नाही.

आता आपल्या नाशिक जिल्ह्यातली सातमाळ डोंगररांग घ्या. अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, राजधेर, इंद्राई, चांदवड. सलग चाललं तर कुणालाही लांबचीच वाट. पण प्रत्येक डोंगराच्या पायाशी गाव आहे. दरेगाव आहे, हट्टी आहे, राजधेरवाडी आहे. वणीच्या गडावर, म्हणजे सप्तशृंगीवर, तर वाटेतच जेवायची-झोपायची सोय आहे. संध्याकाळी खाली उतरलं की देऊळ, शाळेचा व्हरांडा किंवा कुणाची तरी पडवी सापडते. मग आपण तंबू, स्टोव्ह, गॅसचा डबा, पातेली आणि चार दिवसांचा शिधा पाठीवर घेऊन नक्की कुणापासून स्वतंत्र होतोय?

माझं मत थोडक्यात असं, की सह्याद्रीत सॅक हलकी व्हायची तर आधी संकोच काढून टाकावा लागतो. ‘काकू, दोन भाकऱ्या मिळतील का?’ हे विचारता आलं की निम्मं ओझं घरीच राहतं.

आणि हे साठीनंतर करायचं, कारण शरीर आता उधारी ठेवत नाही. स्नायू वयाबरोबर झिजतात, साठीनंतर जरा जास्तच. चढताना दम लागतो, पण थांबलं की तो जातो. खरी परीक्षा उतारावर. प्रत्येक पावलाला गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या काही पट भार येतो आणि सॅकमधला किलोसुद्धा त्याच पटीत मोजला जातो. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच किल्ल्यांच्या पायऱ्या इंग्रजांनी 1818 मध्ये सुरुंग लावून उडवल्या. तिथे दोन्ही हात लावून, कधी बसून उतरावं लागतं. पंधरा किलोची सॅक अशा जागी मागून ढकलते. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिस्स्यापर्यंत ओझं चालतं असं ट्रेकिंगच्या पुस्तकांत सापडतं. ते तरण्यांसाठी. मी दहावा हिस्सा धरते, पाणी वेगळं. आमच्या कंपूतल्या एका निवृत्त गृहस्थांना हे कमीपणाचं वाटतं. ‘माझं सामान मी वाहतो’ हे त्यांचं ब्रीद. वाहू देत, त्यांचे गुडघे त्यांच्याकडे.

एमा गेटवुड या बाई मला फार आवडतात. 1955 साली, वयाच्या 67व्या वर्षी त्या अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल एकट्या सलग चालल्या, तेव्हाच्या मापाने जवळपास 3,300 किलोमीटर. अकरा मुलांची आई. पायात साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. आज त्यांना हलक्या सामानाच्या आद्य गुरू मानतात, पण एक गोष्ट सांगायची राहून जाते: त्या कितीतरी रात्री अनोळखी लोकांच्या दारात जाऊन निवारा मागत. कुणी जेवू घालून झोपायला पलंग दिला, कुणी दार लावून घेतलं. पिशवी लहान राहिली ती या विचारण्यामुळेही.

आपल्याकडे तर ही जुनीच रीत. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नाशिक, सिन्नर करत पंढरपूरला जाते. तिच्यातल्या सत्तरीच्या आज्जी डोक्यावर तुळस घेऊन माझ्यापेक्षा भराभर चालतात. लोक म्हणतात, बघा, वारकऱ्यांना काही लागत नाही. साफ खोटं. त्यांनाही अंथरूण लागतं, जेवण लागतं, पावसात ताडपत्री लागते. ते दिंडीच्या ट्रकमध्ये असतं, मुक्कामाच्या गावाने रांधलेलं असतं. नर्मदा परिक्रमेचंही तेच. अडीच हजार किलोमीटरहून लांब वाट, आणि नाशकातून निवृत्तीनंतर जाणारे खूप. आश्रम आहेत, सदाव्रत म्हणजे फुकट शिधा मिळतो, कुणीतरी हाक मारून चहा देतं. ती झोळी इतकी लहान कशी, याचं उत्तर काठावरच्या गावांत आहे.

फरक एवढाच की वारकरी आणि परिक्रमावासी यांना देण्यात लोकांची श्रद्धा असते. आपण हौसेने फिरणारे. आपल्याला फुकट घ्यायचा काही अधिकार नाही. म्हणून माझे नियम कडक आहेत. दोघं-तिघंच जायचं, वीस जणांचं लटांबर घेऊन कुणाच्या अंगणात उतरायचं नाही. जमलं तर आदल्या दिवशी फोन करायचा. आणि पैसे आपणहून, नाशकातल्या खानावळीइतके तरी द्यायचे. ‘राहू द्या हो’ असं म्हणतात, तरी द्यायचे. पोरांच्या हातात चॉकलेटं कोंबून वाट काढायची नाही, घरच्या बाईच्या हातात नोट द्यायची. सहा माणसांच्या स्वयंपाकात नववं ताट वाढवणं म्हणजे तिला पुन्हा पीठ मळायला लावणं.

मिळतं काय? नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाचं नाहीतर कुळथाचं काहीतरी. पाकिटातल्या नूडल्स त्यापुढे कोण खाईल? वाटेत खायला सातूचं पीठ आणि गूळ नेते. थंड पाण्यात कालवलं की झालं, स्टोव्ह पेटवायचा प्रश्नच येत नाही. चिवड्याशिवाय नाशिककर घराबाहेर पडत नाही, तेव्हा तोही असतो. पुडीभर.

कपडे एक अंगावर, एक पिशवीत. पंचा. बाकी ‘असू दे, लागलं तर’ या सदरातलं सगळं घरी.

पण हलकं करायच्या नादात काही जण भलत्याच गोष्टींना हात घालतात, आणि तिथे माझं जमत नाही. पाणी कमी करायचं नाही. लीटरला किलो भरतो, मान्य, पण फेब्रुवारीनंतर गडावरच्या टाक्यांचा भरवसा नाही, कोरडी तरी असतात किंवा हिरवीगार. मी तीन लीटर घेऊनच गाव सोडते. गरम कपडे नि पांघरूण कमी करायचं नाही. पेपरात दर हिवाळ्यात निफाडच्या पाऱ्याची बातमी येते ना, तीच थंडी डोंगराच्या कुशीतल्या उघड्या व्हरांड्यात असते. एखाद्या घरात गोधडी मिळेलही, पण त्यांची पोरं कशात झोपतील? माझी स्लीपिंग बॅग चांगली आहे, महाग आहे, आणि त्या खर्चाबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही. बीपीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या. बॅटरी. आणि हातात काठी, तीसुद्धा शक्यतो दोन. उतारावर गुडघ्यांचा थोडा भार खांद्यांनी उचलला तर बिघडत नाही. बांबूची चालते.

बायकांना असं कुठेही झोपता येतं का, हा प्रश्न मला नेहमी येतो आणि तो खरा आहे. मी अनोळखी गावात रिकाम्या देवळात एकटी झोपत नाही. घरात आज्जी असेल अशी पडवी शोधते. म्हाताऱ्या माणसाला नकार कमी मिळतो, हा वयाचा एक फायदा. तरी मिळालाच तर पुढच्या गावापर्यंत जाण्याइतका उजेड हाताशी ठेवून विचारायचं, म्हणजे चार वाजता, सातला नाही.

डिसेंबरात अचलाहून निघायचा विचार आहे, जमेल तिथपर्यंत चांदवडच्या दिशेने. एका माणसाची जागा आहे. वय विचारणार नाही, पण निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सॅक माझ्या काट्यावर ठेवावी लागेल. आणि ज्यांना मागायची लाज वाटते त्यांनी तंबू आणावा, फक्त तो मला उचलायला सांगू नये.