पोरांच्या हाती गरी द्या

जूनचा पहिला मोठा पाऊस कुडाळकडे कोसळला की दोन दिवसांत आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो. मी तो इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हानिया राज्यात, सकाळच्या चहाबरोबर वाचते. कुणीतरी लिहितं, चढणीचे मासे धरू नका, त्यांच्या पोटात अंडी आहेत. लगेच उत्तर येतं, आमचे आजे-पणजे धरत आले, तेव्हा संपले नाहीत ते आताच कसे संपतील? तिसरा म्हणतो, आधी समुद्रातले एलईडीवाले (झगझगीत दिवे लावून मासे गोळा करणारे) आणि पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने माशांचा आख्खा थवा वेढणारे) थांबवा, मग आमच्या व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, बघा. मग एखादी आई लिहिते की काही झालं तरी पोरांना पाण्याकडे पाठवू नका. चार दिवसांनी पाणीयोजनेचा विषय निघतो आणि मासे मागे पडतात ते थेट पुढच्या जूनपर्यंत.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पहिल्या पुराचं गढूळ पाणी खाली आलं की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढत ओहोळांत आणि भातखाचरांत येतात, अंडी घालायला. रायगड-ठाण्याकडे यालाच वळगण म्हणतात. रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं निघतात. कुणाच्या खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, कुणाकडे कामट्यांचा सापळा, आणि काही नसेल तर काठी. माझा भाऊ सातव्या वर्षापासून काकांबरोबर जायचा. मी मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, बादली धरून उभी. मुलींना ओहोटीच्या वेळी खाडीत तिसऱ्या (शिंपले) काढायला मुभा होती, पण गरी (गळ) किंवा पाग हातात यायचा नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं.

माझी मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा शेजारच्या आजोबांनी विचारलं, हिला मासे धरायला शिकवू का? ते फ्लाय फिशिंग करतात. त्यात आमिष नसतं. पिसं आणि धागा बांधून केलेली बनावट माशी असते, तिला वजन जवळजवळ नसतंच. आपल्याकडे गरी लांब जाते ती शिशाच्या जोरावर. इथे वजन दोरालाच असतं आणि तो दोर माशीला घेऊन जातो. म्हणून काठी मागे नेल्यावर दोर हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावं लागतं, मगच पुढे. मूल नेमकं तिथेच घाई करतं आणि दोर पायाशी गोळा होऊन पडतो. महिनाभर त्यांनी तिला पाण्याजवळ नेलंच नाही. अंगणातल्या गवतावर, गळाच्या जागी लोकरीचा लाल तुकडा बांधून, समोर ठेवलेल्या थाळीत तो टाकायला लावला. डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर चष्मा, हे सक्तीचं. पुढे खरा गळ आला तेव्हा त्याचा उलटा काटा त्यांनी पकडीने दाबून सपाट केला. मासा सहज सुटावा म्हणून, आणि पोराच्या बोटात रुतलाच तर तोही सहज निघावा म्हणून.

पण मला जिंकलं ते काठीने नाही. पहिल्यांदा ओढ्यावर गेलो तेव्हा आजोबांनी काठी गाडीतच ठेवली आणि मुलीला गुडघाभर पाण्यात एक दगड उलटा करायला सांगितला. दगडाच्या खालच्या अंगाला वाळूच्या कणांची बारीक नळकांडी चिकटली होती. एकेका नळकांड्यातून डोकं बाहेर काढून एक अळी बघत होती. शेजारी चपटा, दोन शेपट्यांचा एक किडा सरपटत होता. ते म्हणाले, हा दोन शेपट्यांचा फक्त थंड, स्वच्छ पाण्यात जगतो. हा दिसेनासा झाला तर समज, वरच्या अंगाला काहीतरी बिघडलंय. मग डबीतली बनावट माशी त्या किड्याशेजारी धरून दाखवली. मुलगी अर्धा तास दगडच उलटत राहिली, आणि प्रत्येक दगड परत होता तसा ठेवत राहिली, कारण तसं बजावलं होतं. मासा त्या दिवशी एकही नाही. घरी येऊन ती त्या किड्यांबद्दलच बोलत होती.

या राज्याचे नियम मुलांचा विचार करून केले आहेत. 16 वर्षांखालच्या मुलाला परवाना लागत नाही. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाचा हंगाम एप्रिलच्या पहिल्या शनिवारी उघडतो, आणि त्याच्या आदल्या शनिवारी फक्त मुलांचा दिवस असतो. परवाना असलेला मोठा माणूस सोबत हवा, मुलाने दोनच मासे ठेवायचे, आणि ठेवायचा तो 7 इंचांपेक्षा लहान नको.

म्हणून अमेरिकेचं सगळं गोड, असं मी म्हणणार नाही. इथल्या ओढ्यांत राज्य सरकार दरवर्षी तीसेक लाख ट्राउट वाढवून सोडतं, म्हणजे पोराच्या गळाला लागतो तो मासा बहुधा हौदात वाढलेला. कोळशाच्या जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या पाण्याने इथले कितीतरी ओढे नारिंगी झाले, त्यांत मासाच उरला नाही. त्यातले काही पुन्हा जिवंत झाले ते लोकांनी वर्षानुवर्षं मागे लागून केलेल्या कामामुळे, आणि त्या लोकांत गळ टाकणारे पुढे होते. ज्यांनी लहानपणी तिथे मासा धरला होता, त्यांना तो परत हवा होता. आमच्याकडे दाभोळच्या खाडीत मेलेल्या माशांचा खच लागतो तेव्हा ओरड करतात ते खाडीत मासे धरणारे भोईच, कारण पोट त्यांचं जातं. बाकीच्या गावाला त्या खाडीतला मासा माहीत असतो तो कालवणातला.

धरलेला मासा परत सोडायची इथली रीत मला सुरुवातीला पटली नाही. आईला व्हिडिओ पाठवला. मुलगी हात ओले करून ट्राउट धरते (कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो), पाण्यातच गळ काढते आणि तो झटक्यात निसटतो. आईचा लगेच फोन आला, "खावचो नाय तर धरलंस कित्याक?" या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण तो बरोबर आहे. नुसत्या मजेसाठी जिवाला दमवणं मलाही खुपतं, आणि सोडलेला प्रत्येक मासा जगतो असंही नाही. त्यामुळे आमच्या घरचा नियम वेगळा आहे. मुलांच्या दिवशी एक मासा घरी येतो. मुलगी तो साफ होताना शेजारी उभी राहते, त्याच्या पोटात काय निघतं ते बघते. मग कोकमाचं आगळ, हळद, मीठ, तांदळाचं पीठ, आणि तव्यावर. तो खाऊन झाला की त्या दिवसाचं मासे धरणं संपलं.

आणि न धरण्याची रीत काही इथूनच शिकायला हवी असंही नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले महसीर मासे देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही, पोरं काठावर उभी राहून त्यांना खाऊ घालतात. इथे उन्हाळ्यात पाणी 20 अंश सेल्सियसच्या वर गेलं की आमचे शेजारी थर्मामीटर बघून काठी न उघडताच परततात, कारण गरम पाण्यात दमलेला ट्राउट सोडला तरी मरू शकतो. मला त्यात आणि नारळी पौर्णिमेआधी होडी न लोटणाऱ्या आमच्या गाबीत मच्छीमारांत फरक दिसत नाही.

आता ग्रुपवरच्या वादाबद्दल. एलईडीवाल्यांवर बोट ठेवणारा खोटं बोलत नाही. केंद्राने 2017 साली एलईडी लावून मासेमारीला बंदी केली, पर्ससीनवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध आणले, 1981 चा सागरी मासेमारी कायदा 2021 मध्ये दुरुस्त करून दंड वाढवले, तरी किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांची तक्रार संपलेली नाही. त्या लढ्यात मी त्यांच्या बाजूची आहे. पण तिकडे अन्याय होतो म्हणून आपल्या व्हाळाच्या तोंडावर आडवं जाळं लावायची सूट मिळत नाही. नदीत ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांना तर परंपरेचं नाव घ्यायचा हक्कच नाही. विष आणि सुरुंग तर ब्रिटिशांच्या 1897 च्या कायद्यानेच गुन्हा ठरले होते.

मात्र "कुणीच काही धरू नका" हेही मला मान्य नाही, आणि त्या आईचं "पोरांना पाठवूच नका" तर मुळीच नाही. तिची भीती खरी आहे. पुराच्या पाण्यात मुलं जातात, दरवर्षी बातम्या येतात. पण पूर वर्षभर नसतो. गेल्या जूनमध्ये मी घरी होते. माझा भाचा दहा वर्षांचा, व्हाळ घरापासून तीनशे पावलांवर, आणि त्याला मरळ आणि शेंगटी वेगळी सांगता आली नाही. काकांना पाण्यावर उठलेल्या वलयावरून खाली कोण आहे ते कळतं. त्यांचं वय 74. मधली पिढी आमची, मुंबई-पुणे-परदेशात गेलेली, आणि पोरांनी मासे धरणं म्हणजे अभ्यास बुडवणं असं मानणारी. ज्या मुलाला व्हाळातला एक मासाही ओळखता येत नाही, तो उद्या मोठा झाल्यावर त्या व्हाळासाठी कुणाशी भांडेल?

त्यासाठी आठ फुटी महागडी काठी कोकणात आणायची गरज नाही. बांबूची काठी, एकच गरी, एकच मासा, आणि त्याआधी दगड उलटून बघणं. हे सगळं काकांच्या परसात आहे. मी परत निघायच्या आदल्या दिवशी ऊन पडलं, पाणी उतरलं, तेव्हा काकांनी माझ्या मुलीला आणि भाच्याला घोट्याएवढ्या पाण्यात नेलं. भाच्याने पहिलाच दगड उचलला तर खाली इवली कुर्ली, म्हणजे खेकडा, पोटाशी पिल्लं घेऊन. काकांनी त्याचं मनगट धरलं आणि दगड हळूच खाली ठेवायला लावला. मुलगी मला इंग्रजीत सांगायला लागली, मग थांबून भाच्यासाठी मराठीत बोलली.

यंदा मी ग्रुपवर दोनच गोष्टी मांडल्या. पहिल्या पुरानंतर पंधरा दिवस व्हाळाच्या तोंडावर जाळं आणि सापळा लावायचा नाही. आणि गणपतीच्या सुट्टीत, पाणी निवळल्यावर, काका मुलामुलींना गरी बांधायला शिकवणार आहेत, प्रत्येक मुलाबरोबर घरचा एक मोठा माणूस. जाळ्यावरून अजून वाद चाललाय. गरीसाठी सहा घरांनी नावं दिली आहेत. त्यांत चार मुली आहेत, आणि पोरांना पाठवू नका म्हणणाऱ्या त्या आईने स्वतःचंही नाव लिहिलंय.