शाळा नऊची, तरी पोर पाचला जागी

डोंबिवलीतल्या आमच्या कट्ट्यावर विषय निघाला तो विन्याच्या लेकीचा. वय सहा, पहिलीत. शाळा नऊची आणि हाकेच्या अंतरावर, म्हणजे आठला उठली तरी चालेल. पण पोरगी पाचला टक्क जागी. मग वर्गात जांभया आणि संध्याकाळी कारण नसताना भोकाड.

"उठतेय तर उठू दे की," तात्या म्हणाले. "लोक पोरांना उठवता उठवता थकतात. आम्ही पाचला उठून पाढे म्हणायचो."

"आणि तात्या, झोपायचात किती वाजता?" मास्तरांनी विचारलं.

"आठला. जेवणं झाली की अंथरुणं."

"म्हणजे नऊ तास झाले. विन्या, हिचे किती होतात?"

विन्या घरी पोचतो नवाला. बाबा आल्याशिवाय ती झोपत नाही. साडेनऊ ते पाच, साडेसात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्येच सांगितलंय. आठला झोपून पाचला ताजंतवानं उठणारं मूल वेगळं, त्याची झोप पुरी झालेली असते. हिची अपुरी आहे.

पक्या म्हणाला, "मग रात्री उशिरा झोपव. दमली की उठेल उशिरा."

विन्याने ते करून पाहिलं होतं. लग्नाहून येऊन अकराला झोपली, उठली पाचलाच, आणि दिवसभर चिडचिड. मला यात नवल वाटलं नाही. शरीराचं घड्याळ एका रात्रीत सरकत नाही. ते चालतं उजेडावर. पहाटे डोळ्यांवर लख्ख प्रकाश पडला की ते आणखी अलीकडे सरकतं.

म्हणून मी विचारलं, पाचला तुमच्या घरात काय चालू असतं? विन्याला पहाटेची लोकल गाठायची असते. पावणेपाचला स्वयंपाकघरातली ट्यूब लागते आणि तिचा उजेड थेट हॉलमधल्या गादीवर, पोरीच्या तोंडावर. मग डब्याच्या चटणीसाठी मिक्सर. ती उठते, आणि धाकटा जागा होऊ नये म्हणून तिच्या हातात मोबाइल. पाचला उठलं की कार्टून मिळतं, हे तिला पक्कं ठाऊक झालंय.

मास्तर कळवळून बोलले. डिसेंबर 2023 मध्ये राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला, फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाचा आदेश निघाला: चौथीपर्यंतचे वर्ग नऊला किंवा त्यानंतर भरवा. स्कूलबसवाल्यांनी विरोध केला, दोन सत्रांच्या शाळांची अडचण झाली. "एवढं करून शाळा नऊला गेली आणि घर मात्र पावणेपाचलाच सुरू!"

मला तर हेच मुळाशी वाटतं. पोरीला बदलण्याआधी घराची पहाट बदला. तिची गादी आतल्या खोलीत, खिडकीला जाड गडद पडदा. स्वयंपाकघरात छोटा दिवा, दार लोटलेलं. चटणी रात्रीच वाटून ठेवायची. मोबाइल बंद म्हणजे बंद. जाग आली तरी पडून राहायचं. आधी सव्वापाचपर्यंत, चार-पाच दिवसांनी साडेपाच, असं पाव-पाव तासाने पुढे. ठरलेली वेळ झाली की पडदे उघडायचे, भरपूर उजेड आणि भरपूर कौतुक. शिवाय ती तोंड उघडं टाकून घोरत असेल तर आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, तिथे पडदे कामाचे नाहीत.

"चटणी रात्री वाटायची ती कोणी?" सुमाताईंनी विन्याकडे बघत विचारलं. "तुझ्या बायकोनेच ना? दिवसभर दोन पोरं सांभाळून?"

प्रश्न रास्त होता. विन्या म्हणाला, चटणी मी वाटतो, भाजीही मीच चिरून ठेवतो. त्याची काळजी वेगळी होती: मोबाइल काढून घेतला की पहिले काही दिवस ती रडणार, धाकटा उठणार, आणि हा गाडीत.

तात्यांचं म्हणणं, मग नकोच तो उपद्व्याप. मी म्हटलं, रडली तर कोणीतरी शेजारी पडून थोपटायला हवं, एकटीला रडत ठेवू नका. ताईंनी तोड काढली. "गणपतीत रजा घेतोसच ना? तेव्हा सुरू कर. पहाटे तू तिच्याजवळ, डब्याची घाई नाही."

विन्याने मान डोलावली. तात्यांना काही ते पटलेलं नाही.