कॅनचा हीटर खरा आहे, पण नाशिकची थंडी रात्रीची आहे

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की तिच्या पाठोपाठ एक मेसेज हमखास फिरू लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर, द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर, मामे-मावसभावंडांच्या ग्रुपवरही. शब्द बदलतात, सांगणं तेच: कोल्ड्रिंकचे रिकामे कॅन तळाला भोकं पाडून एकावर एक चिकटवा, काळा रंग मारा, काचेच्या पेटीत बसवा आणि पेटी दक्षिणेच्या भिंतीवर टांगा. खर्च शून्य. ७० अंशांची हवा मिळेल, घर रात्रभर ऊबदार राहील, वीजबिल निम्म्यावर येईल, द्राक्षवाल्यांना बेदाणाही यावरच करता येईल. शेवटी ‘मोठ्या कंपन्यांना हे तुम्हाला कळू द्यायचं नाही’ हे असतंच.

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू. उन्हाने हवा तापवून खोलीत सोडण्याच्या युक्तीचं पेटंट अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी १८८१ साली घेतलं होतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये २४० कॅन बसवलेला तयार हीटर चक्क एका कंपनीनेच बाजारात आणला. लपवाछपवी कुठेच नाही. यंत्रही खोटं नाही. काळ्या पत्र्यावर ऊन पडतं, पत्रा तापतो, कॅनच्या नळकांड्यातून जाणारी हवा ती उष्णता उचलते, वरची काच ती सहजासहजी बाहेर निसटू देत नाही. कुणी मन लावून बनवलं तर पहिल्याच दिवशी गरम हवा येते. मग त्या हवेचा व्हिडिओ निघतो आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

‘ॲल्युमिनियम ऊन खेचून घेतं’ हे तर सरळ उलटं आहे. चकचकीत ॲल्युमिनियम बहुतेक ऊन परतवून लावतं. शोषतो तो काळा रंग, आणि तोही चकाकी नसलेला हवा.

‘७० अंशांची हवा’ हा आकडा मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण व्हिडिओत थर्मामीटर दाखवला की पाहणारा तिथेच मान डोलावतो. हवा किती गरम आहे यावरून उष्णता किती मिळाली ते कळत नाही. किती हवा तितकी गरम झाली तेही बघावं लागतं. बाहेर ३० अंश असताना सेकंदाला १० लिटर हवा ७० अंशांवर येत असेल, तर हाताला चटका बसेल, पण हिशोब साधारण ४४० वॅटचा. त्याच पेटीला जरा दमदार पंखा लावून सेकंदाला ४० लिटर हवा खेचली आणि ती ५० अंशांवरच आली, तर हिशोब जातो ८८० वॅटवर. म्हणजे थर्मामीटर २० अंशांनी उतरला आणि काम दुप्पट झालं. कारणही साधं आहे: पत्रा जितका जास्त तापतो तितकी जास्त उष्णता काचेतून नि बाजूंनी वाया जाते. त्यामुळे ‘माझा ८० गेला’, ‘माझा ९० गेला’ ही चढाओढ म्हणजे कुणाच्या पेटीत हवा जास्त तुंबली याचीच चढाओढ.

आणि वरची मर्यादा ऊन ठरवतं. दोन चौरस मीटरच्या पेटीवर अगदी कडक उन्हातही सुमारे २,००० वॅट पडतात. घरी बनवलेल्या पेटीने त्यातले निम्मे हवेत उतरवले तरी कारागिराची पाठ थोपटावी.

आता मुख्य दावा: ‘घर रात्रभर ऊबदार’. न्यूफाउंडलंडमध्ये जानेवारीच्या दुपारीही बाहेर बर्फ असतं, घरात दिवसभर हीटिंग चालू असतं, भिंती-खिडक्या थंडी अडवायलाच बांधलेल्या असतात. तिथे दुपारी मिळालेले ८०० वॅटसुद्धा इंधन वाचवतात. आपल्याकडे? पहाटे सातला गंगापूर रोडवर स्वेटर-कानटोपी घालून फिरणारा माणूस दुपारी एकला त्याच रस्त्यावर सावली शोधत असतो. हिवाळ्यातही इथली दुपार बहुधा २५ अंशांच्या पुढे जाते. पेटी जोरात चालते ती नेमकी अकरा ते चार, म्हणजे घराला तिची गरज नसते तेव्हा. पहाटे, जेव्हा खरंच कुडकुडायला होतं, तेव्हा ती थंडगार काच असते.

‘दुपारची ऊब साठवून ठेवू’ असं उत्तर येतं. कशात? दहा बाय तेराच्या खोलीत साधारण ३६ घनमीटर हवा मावते. ती सगळी १० अंशांनी तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात १०० लिटर पाणी फक्त एका अंशाने तापेल. हवेत साठा होतच नाही. भिंतींत म्हणाल, तर पेटीची दिवसभराची पाचेक युनिट उष्णता (हजार वॅट, पाच तास) त्या खोलीच्या चार नऊ इंची विटांच्या भिंतींत जशीच्या तशी मुरली, तरी भिंती जेमतेम सव्वा अंशाने तापतील. तेही दुपारी २८ अंशांच्या खोलीत गरम हवा सोडून बसायची घरच्यांची तयारी असेल तर!

उलट एक त्रास वाढतो, तो व्हिडिओत कधीच दिसत नाही. पेटी आणि खोली जोडणाऱ्या नळ्यांना झडप नसेल तर रात्री पेटी गार पडते, तिच्यातली जड गार हवा खालच्या नळीने खोलीत उतरते आणि खोलीतली ऊब वरच्या नळीने पेटीत जाते. दिवसभर घर तापवणारं यंत्र रात्रभर घर गार करतं.

‘दक्षिणेच्या भिंतीवर टांगा’ ही युरोप-कॅनडाची नक्कल. तिथे डिसेंबरचा सूर्य दुपारीही क्षितिजाला लगटून असतो, म्हणून उभी पेटी चालते. नाशिक २० अक्षांशावर आहे; २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य इथे ४६-४७ अंश वर असतो. उभ्या पेटीला त्यातलं सुमारे ७० टक्केच ऊन मिळतं. तोंड दक्षिणेलाच असू द्या, पण जमिनीशी ३५ अंशांचा कोन करून गच्चीवर ठेवा.

‘खर्च शून्य’बद्दल फार लिहीत नाही. एक बाय दोन मीटरला ३३० मिलिलिटरचे अडीचशे कॅन लागतात, आणि भंगारवाला ॲल्युमिनियम फुकट देत नसतो. वर काच, प्लाय, उष्णता सोसणारं सिलिकॉन, पंखा. पैसे वाचवायला लोक आतून थर्मोकोल लावतात. ते मात्र करू नका. पंखा बंद पडला की आतलं तापमान १०० च्या वर जाऊ शकतं. थर्मोकोल त्याआधीच मऊ पडून आक्रसतं, आणि पेट घेतलाच तर धूर थेट घरात. ग्लासवूल किंवा रॉकवूल, म्हणजे काचेच्या वा दगडाच्या तंतूंची गादी, लावा.

वीजबिलाचं काय सांगायचं? जे घर रूम हीटर लावतच नाही, त्याच्या बिलातून रूम हीटरचा खर्च कसा कमी होणार? हिवाळ्यात आपलं मीटर पळतं ते गिझरने. आंघोळीच्या पाण्याचा सोलर बंब गच्चीवर बसवला तर फरक दिसेल, कारण पाणी दुपारची उष्णता पहाटेपर्यंत धरून ठेवतं.

राहिला बेदाणा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. म्हणजे टनामागे ७५० किलो पाणी उडवायचं, त्याला ५०० युनिटच्या आसपास उष्णता लागते. पेटीच्या पाच युनिटांपैकी निम्मी प्रत्यक्ष सुकवण्यात लागली असं धरलं, तर एका टनाला दोनशे दिवस. शिवाय हिरवा बेदाणा हवा असेल तर द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडच्या सावलीत, जाळ्यांवर, वाहत्या हवेत सुकवतात. जास्त उष्णतेने रंग जातो, आणि रंग गेला की भाव गेला. तासगाव असो की पिंपळगाव, शेडवाल्याला ही पेटी विकायला जाऊ नका, चहा पाजून परत पाठवेल.

पण मेसेजने चुकून का होईना, बोट बरोबर जागी ठेवलंय. दुपारी चालणारी, ५० अंशांची कोरडी हवा देणारी, धूळ-माशा लागू न देणारी वस्तू आपल्याकडे कामाची आहे ती सुकवणीलाच, फक्त घरगुती मापाने. दिवसाला तीनेक किलो पाणी उडवण्याची तिची ताकद. एवढ्यात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या होतील, आवळ्याच्या फोडी होतील, भाव पडल्यावर घरी आणलेले तीन-चार किलो टोमॅटो काप करून दीड-दोन दिवसांत होतील. पालेभाजीला पंख्याचा वेग वाढवून हवा ४५ च्या आसपास ठेवा, नाहीतर मेथी तपकिरी होते.

यासाठी कॅनच हवेत असंही नाही. कॅनला आतून लॅकरचा, म्हणजे वार्निशसारख्या लेपाचा, थर असतो आणि हवा नेमकी तिथूनच जाते. काळ्या रंगवलेल्या धातूच्या जाळीचे दोन-तीन थर पेटीत तिरके ताणले तर काम कॅनच्या तोडीचं होतं आणि अडीचशे भोकं पाडताना बोटं कापून घ्यावी लागत नाहीत. रंग मारल्यावर पेटी काही दिवस रिकामीच उन्हात चालवा. बाहेर येणाऱ्या हवेला रंगाचा, सिलिकॉनचा वास यायचा पूर्ण थांबला, मगच सुकवायच्या जिन्नसांचे ट्रे त्या हवेत ठेवा.